बर्थ मोरिसोचे ‘पाळणा’: ती जाळी ओढून घेते आहे की बाजूला सारते आहे?

कोरी_पाटी यांचा प्रश्न:

बर्थ मोरिसो या फ्रेंच चित्रकर्तीने १८७२ साली रंगवलेल्या ‘पाळणा’ या तैलचित्राची एक छापील प्रत माझ्या कामाच्या टेबलासमोर बरीच वर्षे टांगलेली आहे. एका जुन्या दिनदर्शिकेचे पान कापून मीच ती चौकटीत बसवली होती. रोज नजरेसमोर असलेल्या वस्तूकडे पाहणे माणूस सोडून देतो, तसेच या चित्राचे झाले होते. ‘बाळाकडे कौतुकाने पाहणारी आई’ अशी नोंद मनाने केव्हाच करून टाकली होती आणि त्यापुढे जाऊन पाहण्याची गरज वाटली नव्हती. गेल्या आठवड्यात काच पुसण्यासाठी चौकट खाली काढली, ती मांडीवर घेऊन खिडकीशी बसले, आणि इतक्या जवळून पाहिल्यावर ज्या शंका आल्या त्या अजून पाठ सोडायला तयार नाहीत.

ज्यांनी चित्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्याचे थोडक्यात वर्णन करते. डावीकडे पाळणा आहे आणि त्यावर वरून उतरणारी पांढरी झिरझिरीत जाळी चित्राचा मोठा भाग व्यापून आहे. जाळीआड बाळ झोपलेले आहे आणि त्याचा एक हात दुमडून डोक्याजवळ आला आहे. उजवीकडे गडद पोशाखातली एक तरुण स्त्री बसली आहे; तिने उजव्या हातावर गाल टेकवला आहे आणि तिचा डावा हात जाळीच्या काठावर आहे. मागे खिडकीचा पडदा दिसतो. याखेरीज चित्रात फारसे काही नाही.

माझी पहिली शंका त्या जाळीवरच्या हाताविषयी आहे. बाळ नीट दिसावे म्हणून ती जाळी बाजूला करते आहे, की बाळ झोपल्यावर ती जाळी ओढून घेते आहे? दुसरी शंका तिच्या चेहऱ्याविषयी आहे. ज्याला मी इतकी वर्षे कौतुक म्हणत आले, ते मला आता थकवा वाटू लागले आहे आणि काही वेळा तर चक्क कंटाळा वाटतो. ही माझीच मनःस्थिती मी तिच्यावर लादते आहे का, ते कळत नाही. तिसरी शंका जरा पुस्तकी आहे. दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) म्हटले की उघड्यावरचे ऊन, पाण्यावरची थरथर, बागा आणि आगगाड्यांचा धूर डोळ्यांसमोर येतो. येथे बंद खोली आहे, काळा रंग आहे, सगळे कसे स्थिर आहे. मग हे चित्र त्या पंथाचे कशावरून मानायचे?

चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही उत्तर द्यावे, ही विनंती.

---

तैलरंग यांचे उत्तर:

तुमच्या शंकांआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. तुमच्या चौकटीतले चित्र उलटे छापलेले आहे. मूळ चित्रात आई डावीकडे बसलेली आहे आणि पाळणा उजवीकडे आहे. गाल टेकलेला आहे तो तिच्या डाव्या हातावर, आणि जाळीवर आहे तो तिचा उजवा हात. छपाईच्या वेळी फिल्म पालथी लागली की असे होते. जुन्या दिनदर्शिकांमध्ये हा प्रकार इतका सर्रास आढळतो की मी स्वतः अशी दोन पाने जपून ठेवली आहेत.

ही बाब किरकोळ वाटेल, पण तुमच्या पहिल्या दोन्ही शंकांशी तिचा संबंध आहे. मूळ चित्रात आपली नजर डावीकडून आत शिरते तेव्हा आधी भेटतो तो आईचा चेहरा. तेथून ती तिच्या दृष्टीच्या रोखाने, दुमडलेल्या कोपरावरून, तिरकी खाली उजवीकडे उतरते आणि बाळाच्या मिटलेल्या डोळ्यांशी येऊन थांबते. बाळाचा दुमडलेला हात म्हणजे आईच्या दुमडलेल्या डाव्या हाताचे जणू आरशातले प्रतिबिंब आहे, आणि मागच्या पडद्याची घडीही याच तिरक्या ओढीला साथ देते. म्हणजे आपण आईच्या बरोबर बाळाकडे पाहतो. तुमच्या उलट्या प्रतीत आपण आधी बाळाकडे जातो आणि मग चढ चढून आईच्या चेहऱ्याशी पोहोचतो. तेथे नजरेला पुढे जायला वाट उरत नाही, म्हणून ती त्या चेहऱ्यावरच रेंगाळते आणि त्यात काय दडले आहे ते शोधू लागते. कंटाळ्याचा थोडा वाटा त्या छापखान्याच्या पदरात टाकायला हरकत नसावी.

आता हाताविषयी. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर मला तरी यात संशय राहिला नाही की ती जाळी ओढून घेते आहे. तुम्ही विचारलेल्या प्रश्नात मात्र एक मुद्दा निसटला आहे: ती जाळी कोणाच्या आणि कोणाच्या मध्ये येते? आई आणि बाळ यांच्या मध्ये ती येत नाही. ती येते आपण आणि बाळ यांच्या मध्ये. आईला बाळ जाळीच्या आतल्या बाजूने दिसते आहे, आपल्याला मात्र ते पांढऱ्या धुक्यातूनच पाहावे लागते. चित्रात बाळाला इतके महत्त्वाचे स्थान देऊन त्याला पाहण्याचा पहिला हक्क आईकडे ठेवायचा, ही मोरिसोची खरी चतुराई आहे.

तिसऱ्या शंकेचे अर्धे उत्तर त्या जाळीच्या रंगकामातच आहे. विद्यार्थिदशेत मी या चित्राची नक्कल करायला बसलो होतो. बाळाचा चेहरा, उशी, चादर असे सगळे मी व्यवस्थित रंगवले, ते वाळू दिले आणि मग त्यावर नळीतला टायटॅनियम पांढरा पातळ करून ओढला. परिणाम असा झाला की बाळ जाळीआड झोपलेले दिसण्याऐवजी भिंतीला चुना देताना कोणीतरी त्याच्यावरूनच हात फिरवला आहे, असे दिसू लागले. तीनदा पुसले आणि तीनदा केले. शेवटी आमच्या शिक्षकांनी एकच प्रश्न विचारला: यात पांढरा कुठे आहे ते बोट ठेवून दाखव. मी छायाचित्रावर बोट ठेवत गेलो आणि प्रत्येक वेळी बोटाखाली दुसराच रंग निघाला. कुठे निळसर राखाडी होता, कुठे फिका जांभळा, काठाशी गुलाबी झाक, तर सावलीच्या घडीत जवळजवळ हिरवट. निखळ पांढरा असा काही ठिपक्यांपुरताच होता.

येथे साहित्याचाही भाग आहे. मोरिसोच्या काळी टायटॅनियम पांढरा अस्तित्वात नव्हता. तो चित्रकारांच्या हाती विसाव्या शतकात, १९२० च्या सुमारास आला. तिच्याकडे शिसे-पांढरा किंवा जस्त-पांढरा असणार, आणि हे दोन्ही रंग टायटॅनियमइतके खालचे झाकत नाहीत. पातळ ओढले तर खालचा रंग आतून जाणवत राहतो. पण केवळ साहित्याने काम भागत नाही. पांढऱ्या वस्तूची सावली काळी किंवा तपकिरी नसते, तिच्यात आसपासच्या उजेडाचा रंग असतो, हे दृक्प्रत्ययवाद्यांनी बर्फात आणि पाण्यावर ताडून पाहिले. मोरिसोने तेच खिडकीपाशी टांगलेल्या हातभर जाळीत पाहिले. ऊन बागेतच पडते असे थोडेच आहे?

---

जुना_चष्मा यांचे उत्तर:

तैलरंग यांनी रंगांचे सांगितले, मी माणसांचे सांगतो, कारण या चित्रातली स्त्री कोणी अनामिक ‘आई’ नाही. ती चित्रकर्तीची सख्खी बहीण एद्मा आहे, आणि पाळण्यातली मुलगी म्हणजे एद्माची मुलगी ब्लांश.

एद्मा स्वतः चित्रकर्ती होती, आणि वेळ घालवण्यापुरता छंद असे तिच्या कामाचे स्वरूप नव्हते. दोघी बहिणी एकाच शिक्षकांकडे शिकल्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शेजारी शेजारी बसून जुन्या चित्रांच्या नकला केल्या, निसर्गचित्रकार कोरो यांच्याकडून उघड्यावर रंगवण्याचे धडे घेतले, आणि १८६४ पासून पॅरिसच्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनात, म्हणजे ‘सालों’मध्ये, दोघींची चित्रे लागू लागली. त्या काळी पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेशच नव्हता; तो मिळायला १८९७ साल उजाडावे लागले. त्यामुळे या दोघी एकमेकींच्या वर्गमैत्रिणीही होत्या आणि एकमेकींच्या परीक्षकही. १८६९ मध्ये एद्माचे आदोल्फ पोंतियों या नौदल अधिकाऱ्याशी लग्न झाले, ती लोरियाँ या बंदराच्या गावी राहायला गेली आणि तिचे चित्र काढणे जवळपास थांबले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने बर्थला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपण मनाने तुझ्याच चित्रशाळेत वावरत असतो आणि निदान पाव तासासाठी तरी तेथे पळून येऊन त्या हवेत श्वास घ्यावा असे वाटते, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे.

हे ठाऊक झाल्यावर मी एक उद्योग केला, तो तुम्हीही करून पाहावा. बर्थने लग्नानंतरच्या एद्माला रंगवले आहे अशी चार चित्रे एकापाठोपाठ एक ठेवून पाहा. पहिले १८६९ मधले लोरियाँच्या बंदराचे आहे: भरपूर आकाश, भरपूर पाणी आणि कठड्यावर पांढऱ्या कपड्यांत छत्री घेऊन बसलेली एद्मा अगदी एका कडेला. दुसरे १८६९-७० च्या हिवाळ्यातले आहे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली एद्मा सोफ्यावर बसली आहे आणि आई शेजारी वाचते आहे. (या चित्राची एक कथाच आहे. सालोंला पाठवण्यापूर्वी सल्ला द्यायला आलेल्या चित्रकार एदुआर माने यांनी हातात कुंचला घेतला आणि आईच्या आकृतीवर स्वतःच इतके रंगकाम केले की बर्थच्या जिवाचा संताप झाला. वडीलधाऱ्या कलावंताची मदत काही वेळा अशीच अंगावर येते.) तिसरे १८७१ चे खडूरंगातले व्यक्तिचित्र आहे, त्यात एद्मा काळ्या पोशाखात आहे आणि पुन्हा गरोदर आहे. चौथा हा ‘पाळणा’. पाहता पाहता क्षितिज गेले, मग खोली लहान झाली, आणि शेवटी खिडकीचा पडदा आणि जाळी एवढेच जग उरले. चार वर्षांत त्या स्त्रीभोवतीचा अवकाश असा आखडत गेला, हे मी माझ्या मनाने रचलेले नाही. ते त्या चौकटींतच दिसते.

म्हणून कोरी_पाटी यांना चेहऱ्यावर थकवा दिसला असेल, तर त्यांनी बिचकू नये. ज्या बहिणीने कुंचला ठेवून दिला तिला ज्या बहिणीने तो धरून ठेवला ती रंगवते आहे. त्या खोलीत पाळण्याखेरीज एक चित्रफळकही होता आणि दोघींनाही त्याची जाणीव होती.

दृक्प्रत्ययवादाच्या प्रश्नाबाबत एवढेच सांगतो. १५ एप्रिल १८७४ रोजी छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत, ३५, बुलेव्हार दे कापुसिन या पत्त्यावर, ज्या मंडळींनी सालोंला फाटा देऊन स्वतःचे प्रदर्शन भरवले त्यांच्यात मोरिसो होती, आणि ‘पाळणा’ तेथे भिंतीवर होता. त्याच प्रदर्शनातल्या चित्रकार मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्रावरून लुई लरॉय या टीकाकाराने टिंगलीने जे नाव दिले तेच पुढे पंथाला चिकटले. तेव्हा आधी चित्रे होती आणि नाव नंतर आले. आज आपण त्या नावाची व्याख्या हातात घेऊन चित्रांचे दाखले तपासायला बसतो, हा उलटा कारभार आहे.

त्याच प्रदर्शनात मोनेचे आणखी एक घरगुती चित्र होते, ‘दुपारचे जेवण’. ते त्याने १८६८ मध्ये रंगवले होते आणि १८७० च्या सालोंने ते नाकारले होते. त्यात टेबलाशी आई आणि मूल आहे, मागे मोलकरीण आहे, खिडकीशी एक पाहुणी उभी आहे, आणि समोर एक रिकामी खुर्ची असून तिच्यापुढे पान मांडून वर्तमानपत्र ठेवलेले आहे. ती जागा घरधन्याची, म्हणजे रंगवणाऱ्याची. ते चित्र दोन मीटरहून अधिक उंच आहे. ‘पाळणा’ आहे फक्त ५६ सेंटिमीटर उंच आणि ४६ सेंटिमीटर रुंद. मोनेच्या घरात चित्रकाराची खुर्ची मांडून ठेवलेली आहे. मोरिसोच्या चित्रात चित्रकर्ती कुठे बसली होती याचा मागमूसही नाही.

---

तिरकी_रेघ यांचे उत्तर:

जुना_चष्मा यांचे विवेचन वाचनीय आहे आणि नेमके म्हणूनच मला ते धोक्याचे वाटते. त्यांनी एक पत्र वाचले, एक करुण कथा जुळवली आणि ती कथा चेहऱ्यावर टांगली. आता यापुढे हे चित्र पाहणाऱ्याला तेथे बाळ दिसण्याआधी एद्माची गमावलेली कारकीर्दच दिसणार. समजा, ती स्त्री कोण होती हे आपल्याला ठाऊकच नसते. तर केवळ रंगांवरून ‘हिने कुंचला ठेवून दिला आहे’ असे कोणी म्हणाले असते का?

मला त्या चेहऱ्यावर कौतुकही दिसत नाही आणि दुःखही दिसत नाही. तान्हे मूल झोपल्यावर त्याच्याजवळ जो कोणी बसला असेल, त्याला हा चेहरा आतून ओळखीचा वाटेल. मूल खरोखर झोपले आहे की डोळे मिटून पडले आहे, ते ठरवायला काही वेळ लागतो. त्या वेळात माणूस बाळाच्या छातीकडे पाहतो, श्वास मोजतो, स्वतः हालचाल करत नाही आणि कसलाही विचार करत नाही. चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात, कारण आपण कोणाला दिसत आहोत हे भान सुटलेले असते. बाहेरून पाहणारा त्याला थकवा म्हणेल, माया म्हणेल किंवा कंटाळा म्हणेल. आत मात्र केवळ लक्ष असते.

मोरिसोचे श्रेय मला वाटते ते असे की तिने हे ‘लक्ष’ रंगवले आणि त्याला भावनेचे नाव दिले नाही. त्या काळच्या सालोंतल्या माता बाळाला छातीशी धरून आकाशाकडे पाहत किंवा प्रेक्षकाकडे पाहून मंद हसत. येथे आई प्रेक्षकाची दखलही घेत नाही. चित्राला ‘मातृत्व’ असे भारदस्त नाव देणे सहज शक्य होते. चित्रकर्तीने वस्तूचे नाव दिले.

तैलरंग यांचा जाळीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना तोच मला महत्त्वाचा वाटतो. फक्त त्याला एक पुरवणी जोडतो. बाळाचा चेहरा जवळ जाऊन पाहिला तर तो फार थोड्या फटकाऱ्यांत आटोपलेला आहे. आईचे केस, गळ्याशी असलेली काळी फीत, कानाभोवतीचा भाग हे सगळे निश्चित आहे. बाळ मात्र जेमतेम सूचित केलेले आहे. झोपलेल्या माणसाला तपशील नसतो म्हणा, किंवा जाळीने तो खाल्ला म्हणा.

---

जुना_चष्मा यांचे प्रत्युत्तर:

तिरकी_रेघ यांचा इशारा मी अर्धा स्वीकारतो. चेहऱ्यावर चरित्र टांगू नये, हे मान्य. ‘थकवा दिसला तर बिचकू नका’ हे माझे वाक्य घाईचे होते, ते मागे घेतो. मात्र चार चित्रांतला आखडत गेलेला अवकाश मागे घेत नाही, कारण तो पत्रातून आलेला नाही, कॅनव्हासवरून आलेला आहे.

आणखी एक वस्तुस्थिती नोंदवतो. प्रदर्शनात या चित्राची फारशी दखल घेतली गेली नाही. काही समीक्षकांनी त्यातला नाजूकपणा आणि डौल वाखाणला, इतकेच. ते विकण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा मोरिसोने ते प्रदर्शनांतून काढून घेतले आणि ते एद्माच्याच कुटुंबात राहिले. १९३० मध्ये लूव्रने ते विकत घेतले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. म्हणजे जिचे हे चित्र, तिच्याच घरात ते सुमारे अर्धशतक होते. स्वतःला असे पाहत राहणे कसे वाटत असेल, याचा अंदाज बांधला तर ते पुन्हा चरित्र टांगणे होईल, म्हणून येथेच थांबतो.

---

मागचे_दार यांचे उत्तर:

चर्चा उत्तम चालली आहे, पण सर्वांनी मिळून एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की हे ‘दैनंदिन घरगुती जीवनाचे’ चित्र आहे. कोणाच्या दैनंदिन जीवनाचे? मोरिसो कुटुंब खाऊनपिऊन चांगलेच सुखवस्तू होते. वडील वरिष्ठ सरकारी अधिकारी होते. अशा घरांत स्वयंपाक, धुणे, मुलांचे न्हाऊमाखू घालणे आणि पुष्कळदा त्यांना पाजणे ही सारी कामे पगारी बायकांकडे असत. ज्या पांढऱ्या जाळीच्या छटा तैलरंग यांनी इतक्या प्रेमाने मोजल्या, ती जाळी कोणीतरी धुऊन, निळीत बुडवून, इस्त्री करून टांगली होती. ती बाई या चित्रात नाही.

हे मी मोरिसोला दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण पुढे तिनेच या प्रश्नाला हात घातला. १८७४ च्या डिसेंबरमध्ये तिचे एदुआर माने यांचा धाकटा भाऊ अझेन याच्याशी लग्न झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये मुलगी ज्युली जन्मली. आठ दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनांपैकी मोरिसोचे जे एकच चुकले ते १८७९ चे, या बाळंतपणानंतरचे. आणि त्याच १८७९ मध्ये तिने ज्युलीला पाजणाऱ्या आंजेल या दाईचे चित्र रंगवले. आई आणि मूल असा विषय वरवर दिसतो, पण पाजणारी स्त्री पैसे घेऊन काम करते आहे, आणि मुलाची खरी आई समोर चित्रफळकाशी उभी राहून स्वतःचे काम करते आहे. एकीचे काम चालावे म्हणून दुसरीचे काम आहे. ‘पाळणा’मधला बारीक, जपून केलेला हात तेथे उरलेला नाही, बाई, मूल आणि बाग सगळे एकाच वेगाने, एकाच रंगाच्या चिखलात ओढल्यासारखे आहे. दाईचा चेहरा तर जवळपास विरघळला आहे. यातला घाईचा भाग किती आणि हेतूचा किती, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला ते मोरिसोचे सर्वांत धाडसी चित्र वाटते आणि ‘पाळणा’ त्यापुढे सज्जन वाटतो.

धुण्याचेही एक चित्र आहे, १८७५ चे. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत दोऱ्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका त्यात आहेत. कपडे म्हणजे केवळ पांढरे फटकारे, आणि बायका त्यांच्याहून फार मोठ्या नाहीत. ‘पाळणा’मधली जाळी कुठून आली असेल ते पाहायचे असेल, तर त्या दोऱ्यांकडे पाहावे.

आणि कोरी_पाटी यांनी तुलनेसाठी मेरी कॅसाट या अमेरिकन चित्रकर्तीचे १८९३ मधले ‘मुलीची आंघोळ’ अवश्य पाहावे. ते शिकागोच्या संग्रहालयात आहे. तेथे जाळी नाही, पडदा नाही. आपण वरून, जवळजवळ डोक्यावर उभे राहून पाहतो, आणि बाईचा मोठा हात मुलीच्या लहानशा पावलाला पाण्यात धरून आहे. तेथे पाहणे आणि काम करणे ही एकच क्रिया आहे. येथे आई काहीच करत नाही, फक्त पाहते. तिला ती सवड कोणी दिली, एवढाच माझा प्रश्न आहे.

---

तैलरंग यांचे उत्तर:

मागचे_दार, दाईचे चित्र धाडसी आहे यात वाद नाही. पण ‘पाळणा’ सज्जन आहे हे पटत नाही. चित्राच्या मधोमध, सर्वांत उजेडाच्या जागी, ज्यातून धड काही दिसत नाही असा पडदा रंगवायचा आणि त्यालाच चित्राचा विषय करायचा, याला सज्जनपणा म्हणत असतील तर मला तो हवा आहे. आमच्या शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर मला आजही पूर्ण देता आलेले नाही.

---

कोरी_पाटी यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आधी कबुली देते: तैलरंग यांचे उत्तर वाचल्यावर चौकट उचलून न्हाणीघरातल्या आरशासमोर धरली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मूळ चित्र जसे आहे तसे पाहिले. आई डावीकडे गेली आणि खरोखरच नजर तिच्या चेहऱ्यावर न थांबता घसरत पाळण्यात उतरली. कंटाळा सुमारे निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा माझा आहे की एद्माचा, यावर जुना_चष्मा आणि तिरकी_रेघ यांचे एकमत होईपर्यंत मी मत राखून ठेवते.

आरसा हातभर अंतरावर असल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली, ती तुम्हा जाणकारांना आधीच ठाऊक असेल. जाळीवरच्या त्या हाताची पकड अगदी सैल आहे. बोटांनी कापड धरले आहे असेही ठामपणे म्हणता येत नाही; ती नुसती टेकलेली आहेत. ओढून घेण्याचे काम एक तर नुकतेच संपले आहे किंवा अजून सुरू झालेले नाही. माझा मूळ प्रश्न ‘ओढते की सारते’ असा होता, आणि तो विचारताना मी हाताला घाई असल्याचे धरून चालले होते. त्या हाताला कसलीही घाई नाही.

मागचे_दार यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दाईचे चित्र काल रात्री शोधून पाहिले आणि खरे सांगायचे तर अजून आवडलेले नाही, पण पुन्हा पाहणार आहे. दिनदर्शिकेचे पान चौकटीतून काढलेले नाही. आरशाच्या समोरच्या भिंतीवर एक खिळा रिकामा होता, तेथे ते टांगले आहे. आता केस विंचरताना ते सुलट दिसते.